सर्दी आहे त्याला

“तुम्हाला तर चांगलं ऐकू येतंय की,” उमाप म्हणाले, आणि हे वाक्य ऐकून आयुष्यात पहिल्यांदाच मला बरं वाटलं नाही.

ऐकून म्हणजे वाचून. उमापांच्या ओठांवरून. उमाप त्या सरकारी कचेरीचे हेडक्लार्क. मिशा नाहीत, तोंडात पान नाही, बोलताना समोर बघणार. बहिऱ्या माणसाने नवस बोलून मागावा असा साहेब. त्यांच्या टेबलावर माझी ऑर्डर पडली होती. कनिष्ठ लिपिक, तीस तारखेच्या आत रुजू व्हावे, आणि पुढे कंसात टाइप केलेलं: अपंग, कर्णबधिर.

“मी नाव विचारलं, तुम्ही नाव सांगितलं. गाव विचारलं, गाव सांगितलं. मागं टायपिंग चाललंय, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, तरी एक प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. आमच्या साहेबांना तीनदा सांगावं लागतं.”

“मी ओठांवरून ओळखतो,” मी म्हणालो.

“आणि बोलताही फर्डं.”

“सात वर्षांचा असताना गोवर आला, त्यात कान गेले. बोलायला त्याआधीच शिकलो होतो.”

उमापांनी ऑर्डर उचलली, उलटी करून बघितली, परत ठेवली. “हे बघा मुळूक, माझं काही म्हणणं नाही. पण मागच्या साली एक आंधळा घेतला, तो महिन्याभरात मोटरसायकलवर यायला लागला. तेव्हापासून कडक झालंय. तालुक्याच्या डॉक्टरचा दाखला आता चालत नाही. जिल्ह्याच्या मेडिकल बोर्डाचा आणा. बोर्ड बुधवारी बसतं. शुक्रवारी तीस तारीख. शनिवारी आलात तर मी तुम्हाला फक्त चहा पाजू शकतो.”

अर्ज मी अण्णांच्या चोरून केला होता. तेहतीस वर्षांच्या, बायको-मुलगी असलेल्या माणसाने बापाच्या चोरून विडी ओढली तर लोक समजून घेतात. मी चोरून बहिरा झालो होतो.

तोवर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. यंत्रांच्या खडखडाटात तिथे सगळेच खुणांनी बोलत, त्यामुळे माझं वेगळेपण कुणाच्या डोळ्यावर येत नसे. पण मालकांनी यंत्रं भंगारात काढायचं ठरवलं होतं आणि दिवाळीनंतर तो खडखडाट कायमचा थांबणार होता. वयाची सवलत धरूनसुद्धा पुढच्या जाहिरातीत मी बसत नव्हतो. ही ऑर्डर गेली की दुसरी ऑर्डर नव्हती.

अण्णा म्हणजे मुळूक गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. माझे कान गेल्याचं त्यांना डॉक्टरांच्या आधी कळलं, आणि त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की हे तिसऱ्या कुणाला कळता कामा नये. त्यांचे थोरले बंधू बहिरे होते. लोक काकांच्या समोर उभे राहून काकांविषयीच बोलत आणि हसत. सगळे हसताहेत म्हणून काकाही हसत. अण्णांनी लहानपणापासून ते बघितलं होतं. शिवाय माझ्या पाठची शोभा होती. घरात आधीच एक बहिरा, त्यात दुसरा निघाला, तर तिला करून कोण घेणार? हे गोवरामुळे आलंय, घराण्यातून नाही, असं सांगत किती उंबरठे झिजवायचे?

म्हणून रोज संध्याकाळी अण्णा अंगणाच्या त्या टोकाला उभे राहून, आवाज न काढता, वर्तमानपत्र वाचत. मी या टोकाला उभा राहून ते मोठ्यानं म्हणायचं. सुरुवात मथळ्यांपासून झाली. वर्षभरात मी अग्रलेखापर्यंत पोचलो. पावसाळ्यात हेच ओटीवर, कंदिलाच्या उजेडात. घरातला कुणीही माणूस माझ्याशी पाठमोरा बोलला तर अण्णा त्याच्यावर डोळे वटारत.

शाळेचे नियम वेगळे होते. पहिल्या बाकावर बसायचं. मास्तर फळ्याकडे वळले की शेजाऱ्याच्या वहीत बघायचं. आणि सर्वांत मोठा नियम अण्णांनी मला पाटीवर लिहून दिला होता. “प्रश्न कळला नाही की हात वर करायचा. लगेच. मी दहा वर्षं मास्तरकी केलीय. मान खाली घालतो त्याला आम्ही उठवतो. हात वर करणाऱ्याला कोण विचारतं?”

अकरावीपर्यंत माझा हात वर होता. मला एकदाही कुणी उठवलं नाही. वर्गातला हुशार मुलगा म्हणून नाव झालं.

इतकं करूनही कधी कुणाच्या ध्यानात आलंच, तर अण्णा हसून म्हणत, “सर्दी आहे त्याला.” अशी मला पंचवीस वर्षं सर्दी होती. शोभाला बघायला आले तेव्हा होती. बोहल्यावर उभा राहिलो तेव्हाही होती. माझ्या बायकोला चौथ्या दिवशी कळलं, स्वयंपाकघरातून पाच हाका मारून झाल्यावर. सहाव्यांदा तिने पातेलं फेकलं. पातेलं मला लागलं, तेव्हा मी वळून विचारलं, “हाक मारलीस का?”

तर ऑर्डर घरी आली ती अण्णांच्या हातात पडली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

“हे कंसातलं काय आहे?”

“आरक्षण आहे, अण्णा.”

“ते मला वाचता येतं. पोस्टमनने वाचलं असेल का?”

“पाकीट बंद होतं.”

“शोभाच्या सासरी कळलं तर?”

“तिला दोन मुलं झाली अण्णा. आता कोण परत पाठवतंय तिला?”

त्यांनी कागदाची घडी घातली. जशी आली होती तशीच, त्याच रेघांवर. दोन दिवस बोलले नाहीत. सोमवारी उमापांकडून आलो आणि बोर्डाचं सांगितलं, तेव्हा म्हणाले, “मी येतो बरोबर. तुला एकट्याला जमायचं नाही.”

मला वाटलं, अण्णा माझ्या बाजूने येताहेत. ते माझ्याच बाजूने आले होते, हे मला आजही खोटं म्हणता येत नाही.

बुधवारी सकाळी नऊला आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात रांगेत होतो. अण्णांनी परीटघडीचं धोतर नेसलं होतं, टोपी घातली होती आणि काखेत एक जाडजूड फाईल होती.

“हे काय?”

“तुझी सर्टिफिकिटं. पहिलीपासूनची.”

“ती कशाला, अण्णा?”

“सरकारी माणसांपुढे जायचं तर मुलगा कोण, कसा, हे त्यांना कळायला नको?”

आमच्या पुढे कुबडीवरचा एक तरुण होता. पोलिओचा. तो अण्णांकडे वळून म्हणाला, “काय हो बाबा, तुमचं कशाचं?”

“माझं काही नाही. मुलाची तपासणी आहे.”

“कशाची?”

“नोकरीची,” अण्णा म्हणाले.

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हात होते, पाय होते, डोळे त्याच्याकडेच बघत होते. “कान का?” तो म्हणाला. “कानाचं लई अवघड. आमचं बरंय, चालत आलो की झाली तपासणी.”

कानाची तपासणी ढवळेबाई करत. चाळिशीच्या, पांढरा कोट, केसांत एक सुकलेली अबोलीची वेणी. एका खोलीत लाकडी खोपटं उभं केलं होतं, आतून सगळीकडे भोकाभोकांचे पुठ्ठे, समोर काचेची खिडकी. खिडकीपलीकडे बाई आणि त्यांचं यंत्र. त्यांनी माझ्या कानांवर जड कर्णे चढवण्याआधी समोर येऊन सांगितलं, “कानात शिटी वाजेल. कधी जाड, कधी बारीक. आवाज आला की हात वर करायचा. कितीही बारीक आला तरी करायचा. नाही आला तर नाही करायचा. काही अवघड नाही.”

खरंच काही अवघड नव्हतं. मला फक्त बसून राहायचं होतं.

बाई यंत्राची खुंटी फिरवत आणि बटण दाबत. बटण दाबलं की त्यांचा उजवा खांदा सुताएवढा हलायचा आणि डोळे क्षणभर वर उचलले जायचे, मी हात करतो का ते बघायला. हे मी मुद्दाम पाहिलं नाही. भुकेल्या माणसाला ताट मुद्दाम बघावं लागत नाही. पंचवीस वर्षं मी माणसांच्या खांद्यांवर आणि पापण्यांवर जगलो होतो. पोहता येणाऱ्याला पाण्यात ढकलून बुडून दाखव म्हटलं तर तो काय करील? हातपाय मारील. माझा हात वर गेला. खांदा हलला, हात वर गेला. पुन्हा हलला, पुन्हा गेला. मध्येच माझ्या ध्यानात आलं की मी काय करतोय, आणि मी हात मांडीखाली दाबून ठेवला. तोवर दोन्ही कानांची तपासणी संपत आली होती.

बाईंनी कागद काढून बघितला. “नॉर्मल आलंय हो तुमचं.” मग त्या माझ्या मागे कर्णे काढायला आल्या. समोर परत येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

“मी मागनं तुम्हाला दोनदा हाक मारली,” त्या म्हणाल्या. “ट्रे पाडला खाली. तुम्ही वळला नाहीत.”

मी खाली बघितलं. ट्रे पालथा पडला होता.

“माझ्या हाताकडे बघत होता का तुम्ही?”

ही बाई माझ्या बाजूची होती. अख्ख्या दवाखान्यात हा प्रश्न विचारायची बुद्धी झालेलं एकटं माणूस. ‘हो’ म्हणायला एक श्वास पुरला असता.

“छे हो,” मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की मलाही खरं वाटलं.

त्यांनी दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. “परत करू. पण या वेळी पाठ माझ्याकडे करून बसा. आणि डोळे मिटा. मी नियमाबाहेर करतेय हे, समजलं?”

त्यांनी कर्णे परत चढवले, मी खुर्ची फिरवली. समोर भोकाभोकांचा पुठ्ठा. डोळे मिटले.

मी मनाशी पक्कं केलं होतं. हात मांडीवर. काहीही झालं तरी हात मांडीवर. काहीही झालं नाही. शिटी नाही, खांदा नाही, चेहरा नाही. लोकांना वाटतं बहिऱ्याला शांततेची सवय असते. मला तर नव्हती. माझ्या आजूबाजूला सतत कुणाचं तरी तोंड हलत असायचं, मी सतत काहीतरी ऐकत असायचो. इथे फक्त काळोख होता, आणि त्याच्या मागे कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं. प्रश्न कुठला ते मला माहीत नव्हतं. कधी विचारला तेही नाही. कदाचित आत्ताच विचारला असेल. सगळा वर्ग माझ्याकडे बघत असेल.

आणि मग कुणीतरी हात वर केला. तो माझा होता.

पहिल्यांदा वर केला तेव्हा मी तो खाली ओढला. दुसऱ्यांदा ओढला नाही. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. बाईंनी दार उघडून माझा खांदा धरला तेव्हा हात वरच होता.

“काही वाजत नव्हतं तेव्हा हात वर केलात,” त्या समोर बसत म्हणाल्या. “आणि वाजवलं तेव्हा केला नाहीत. मी काय लिहू यावर? असं कशाला केलंत?”

“सवय आहे,” मी म्हणालो. तेव्हा मी बोललो ते एवढंच खरं, आणि ते बाईंना कळण्यासारखं नव्हतं.

त्यांनी पेन कागदावर टेकवलं, परत उचललं. “मोठ्या शहरात एक तपासणी असते. त्यात माणसाला काही करावं लागत नाही, मेंदूच सांगतो. पण तीन महिन्यांनी नंबर लागतो.”

“शुक्रवारी रुजू व्हायचंय.”

त्यांनी दोन्ही आलेख एकत्र टाचले. त्यावर काहीतरी लिहिलं आणि ते मी वाचू नये म्हणून कागद उलटा धरला. मी त्यांच्या पेनाच्या शेंड्यावरून वाचलं. प्रतिसाद अविश्वसनीय.

बोर्ड म्हणजे लांब टेबलामागे तीन डॉक्टर. मधले अध्यक्ष. दार उघडंच होतं, कारण पुढच्यांना उशीर नको, आणि दारात रांग गोळा झाली होती. कुबडीवाल्याचं काम झालेलं होतं, तरी तोही थांबला होता बघायला.

अध्यक्षांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. “आधी नॉर्मल. मग हे असं. लक्षात आलं असणार की नॉर्मल आल्यावर नोकरी जाते. म्हणून दुसऱ्या खेपेला गोंधळ घातला.” ते शेजारच्या तरुण डॉक्टरांना सांगत होते. माझ्या समोर, माझ्याविषयी. “रोज चार तरी येतात असे. बहिरं होणंसुद्धा नीट जमत नाही लोकांना.”

तरुण डॉक्टर हसले.

“साहेब,” मी म्हणालो, “मला खरंच ऐकू येत नाही.”

“मग माझं बोलणं कसं कळलं?”

दारातली रांग हसली. मी ती हसताना बघितली.

“साहेब, जरा हे बघावं,” अण्णा पुढे झाले आणि त्यांनी फाईल टेबलावर ठेवली. आयुष्यभर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे वह्या ठेवल्या होत्या, तशी दोन्ही हातांनी. अध्यक्षांनी मधूनच एक पान उघडलं.

“वक्तृत्व स्पर्धा?”

“जिल्ह्यात दुसरा,” अण्णा म्हणाले. “पहिला आलेला मुलगा पुढे वकील झाला.”

“वर्गात कसा होता?”

“पहिल्या पाचात. सतत हात वर असायचा याचा.”

“हं.” अध्यक्षांनी फाईल मिटली आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडी माया आली असावी, कारण ते पुढे वाकले. “गुरुजी, तुम्ही शिक्षक माणूस. तुम्ही खोटं बोलणार नाही. मी तुमच्या शब्दावर पुन्हा विचार करीन, हवं तर या बाईंना पुन्हा तपासायला सांगेन. फक्त एक सांगा. या मुलाला लहानपणापासून ऐकू येत नाही. खरं की खोटं?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. दारात आठदहा माणसं होती. आमच्या गावचं कुणी नव्हतं. मी मघाशीच एकेक चेहरा पाहून घेतला होता. त्यांनीही घेतला असणार.

त्यांचा गळा हलला. तोंड उघडलं. अंगणाच्या त्या टोकाला उभे राहायचे तसे ते उभे होते, आणि पुढचा शब्द कुठला येणार हे त्यांच्या ओठांवरून आधी ओळखणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. मी तो वाचायला अधीर झालो होतो.

आणि अण्णा हसले.

“तसं काही फार नाही साहेब,” ते म्हणाले. “सर्दी असते त्याला.”

सगळे हसले. अध्यक्ष हसले, तरुण डॉक्टर हसले, दारातली माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसली. मला बोलता आलं असतं. बोलायला तर मी गोवराच्या आधीच शिकलो होतो. पण सगळे हसत होते म्हणून मीही हसलो.

दाखला तासाभराने मिळाला. बाहेर बाकावर बसून अण्णांनी चष्मा लावला आणि तो वाचायला घेतला. मी त्यांच्याकडे बघत होतो, दुसरं काही करायला नव्हतं. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते, जुन्या सवयीने, आवाज न काढता. *श्रवणशक्ती सामान्य. कोणतेही अपंगत्व आढळून येत नाही.* खाली तीन सह्या आणि जांभळा गोल शिक्का.

शिक्क्यापाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

अगदी एवढासा वेळ. दुसऱ्या कुणाच्या नजरेत आलं नसतं. मग त्यांना शुक्रवार आठवला, आणि तो चेहरा विझला. त्यांनी कागदाची घडी घातली नाही. तो तसाच सपाट, कोपरे जुळवून, फाईलमध्ये सगळ्यात वर लावला. मग माझ्याकडे पूर्ण वळून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, “चहा घेऊ या का?”

शनिवारी उमापांनीही चहा पाजला. शब्दाचा पक्का माणूस.

दिवाळीनंतर छापखाना बंद झाला. मी एका मंगल कार्यालयात भांड्यांच्या कोठीवर लागलो आणि तिथेच राहिलो. त्या जागेसाठी कसलाही दाखला लागला नाही. अण्णा आणखी अकरा वर्षं होते. ती नोकरी, तो बुधवार, यातलं काही आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

ते गेल्यावर कपाट आवरताना फाईल माझ्याकडे आली. वक्तृत्व स्पर्धेच्या प्रमाणपत्राला वाळवी लागली होती. स्काउटचं, चित्रकलेचं, अकरावीचं, सगळी पिवळी पडून घडीवर फाटलेली. बोर्डाचा दाखला तेवढा काल दिल्यासारखा होता. अण्णांनी तो कधीतरी तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणला होता.